‘करते’ आणि ‘करायले’

इंग्रजी लिहिताना अडणाऱ्या एका मुलीचं मला पत्र आलंय. ते थोडक्यात असं आहे:

‘सर, नमस्कार. मी सेलूजवळच्या एका गावात राहते. वय २७. बी.ए. मराठी माध्यमातून झालं. दोन वर्षांपासून कापसाच्या एका जिनिंगच्या ऑफिसात हिशोबाचं काम करते. गाठींचे व्यवहार बाहेरच्या राज्यांतल्या मिलशी होतात, म्हणून मेल इंग्रजीत लिहावे लागतात. बारा काळांचा तक्ता मला तोंडपाठ आहे, पण मेल लिहायला बसले की हात थांबतो. मॅनेजर माझ्या चुका सगळ्यांसमोर वाचून दाखवतात. तीन पुस्तकं आणली, पाच वेळा सुरुवात केली. रात्री दोन-दोन तास बसते आणि आठ दिवसांत सगळं सुटतं. एक जण म्हणतो व्याकरण सोड, नुसतं बोल. दुसरा म्हणतो आधी पाया पक्का कर. सर, मी कुठून सुरुवात करू? का वय गेलं आता? मी लिहिलेला एक मेल सोबत पाठवते. मुलगी समजून उत्तर द्या.’

मुलगी समजूनच लिहितो, म्हणून तुला ‘तू’ म्हणतो.

आधी वयाचं सांगतो, म्हणजे ती भीती मनातून जाईल. माझे वडील निजामाच्या राज्यात शिकले. घरात मराठी, शाळेत उर्दू. त्या काळी हैदराबादचं, १९१८ साली स्थापन झालेलं उस्मानिया विद्यापीठसुद्धा उर्दूतून शिकवायचं. वडील तहसिलीत कारकून होते, अर्ज, नकला, पंचनामे सगळं उर्दूत. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारतात आलं, पुढे १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि कचेरीतली उर्दू मागे पडत गेली. बोलायला मराठी येत होती, पण सरकारी मराठी लिहायची सवय त्यांनी वयाच्या पस्तिशीनंतर केली. त्यांची एक लांबट वही होती. रोजच्या कामात लागणारी दहा-बारा वाक्यं तिच्यात लिहिलेली, आणि तीच वाक्यं नाव-गाव-तारीख बदलून पुन्हा पुन्हा. दिवे लागले की ते ती मोठ्याने वाचायचे. मी लहान होतो, मला ती पोथी वाटायची. तुला जे सांगणार आहे त्यातलं बरंचसं त्या वहीतलंच आहे.

आता तुझा तक्ता. तो काही दिवस कपाटात ठेव. मी जिल्हा परिषदेच्या हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवायला लागलो तेव्हा मुलं पाचवीत एबीसीडी शिकायची (पहिलीपासून इंग्रजी २००० साली आलं), आणि दहावीपर्यंत माझा सगळा भर त्या तक्त्यावर असायचा. एकदा तपासणीला साहेब आले. वर्गातला सगळ्यांत हुशार मुलगा उभा राहिला, बारा काळ धडाधड म्हणून दाखवले. साहेब खूश झाले. सहज विचारलं, ‘डिड यू ईट?’ पोरगं म्हणालं, ‘येस सर, आय डिड एट.’ त्याचा चेहरा अजून डोळ्यांपुढे आहे, कारण चूक त्याची नव्हती. त्याला नावं शिकवली होती, वापर शिकवला नव्हता. तुझंही तेच झालंय. तसं पाहिलं तर इंग्रजी क्रियापद स्वतःच्या रूपात काळ दोनच दाखवतं, आत्ताचा आणि मागचा. बाकीचं काम बी, हॅव, विल असे मदतनीस करतात. बारा खोल्यांचा वाडा डोक्यात घेऊन हिंडायची गरज नाही. दोन खोल्या आणि तीन-चार गडी, एवढाच पसारा आहे.

मग व्याकरण सोडून नुसतं बोलावं का? नाही. असं सांगणाऱ्यांचे बोर्ड लातुरात, संभाजीनगरात, आता तालुक्याच्या गावीही दिसतात. लहान मूल व्याकरणाशिवाय बोलायला शिकतं हे खरं, पण त्याच्या कानावर दिवसभर, वर्षानुवर्षं तीच भाषा पडत असते. सेलूच्या जिनिंगमध्ये दिवसभरात तुझ्या कानावर किती इंग्रजी पडतं? हमाल, ड्रायव्हर, शेतकरी, वजनकाट्यावरचा माणूस, सगळे आपल्याच बोलीत बोलतात. ज्याच्या भोवती भाषा नाही, त्याच्यासाठी नियम हाच जवळचा रस्ता. फक्त तो थोडा हवा, एका वेळी एकच हवा, आणि तुझ्या स्वतःच्या दिवसावर घासून घेतलेला हवा.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. तू परभणी जिल्ह्यातली आहेस. घरी आईने हाक मारली, ‘काय करायलीस गं?’ तर तू काय म्हणतेस? ‘भाकरी करायले.’ आणि कुणी विचारलं, ‘घरी भाकरी कोण करतं?’ तर म्हणतेस, ‘मी करते.’ या दोन उत्तरांत तुझी आयुष्यात कधी गल्लत झाली आहे का? ‘करायले’ म्हणजे या क्षणी तव्यावर भाकरी आहे. ‘करते’ म्हणजे रोजचं काम, आत्ता भले तू ऑफिसात बसलेली असशील. लातूर-नांदेडकडे हेच ‘करूलालो’, ‘येऊलालो’ होतं. शाळेत आपल्याला हे बोलणं गावंढळ म्हणून बदलायला लावलं, मीही मुलांना टोकलंय, आणि त्याचं मला वाईट वाटतं. कारण इंग्रजीचा पहिला मोठा नियम त्या बोलीत जसाच्या तसा बसलेला आहे:

‘मी भाकरी करते’ म्हणजे ‘आय मेक भाकरी’.
‘मी भाकरी करायले’ म्हणजे ‘आय ॲम मेकिंग भाकरी’.

जिथे तुझ्या तोंडी करायले, करायलाय, यायलीय, पडायलाय येतं, तिथे ॲम, इज किंवा आर आणि क्रियापदाला आयएनजी. जिथे करते, येतो, पडतो येतं, तिथे साधं क्रियापद, ॲम-इज-आर नाही. ‘पाऊस पडायलाय’: ‘इट इज रेनिंग’. ‘जूनमध्ये पाऊस पडतो’: ‘इट रेन्स इन जून’. ‘ट्रक यायलाय’: ‘द ट्रक इज कमिंग’. ‘ट्रक दर सोमवारी येतो’: ‘द ट्रक कम्स एव्हरी मंडे’. मागच्या काळातही हे तसंच चालतं. ‘तू फोन केलास तेव्हा मी बिलं करायले होते’: ‘आय वॉज मेकिंग बिल्स व्हेन यू कॉल्ड’. ‘उद्या परभणीला जायले’ असं ठरलेलं सांगतानाही इंग्रजी तुझ्यासोबत येतं: ‘आय ॲम गोइंग टु परभणी टुमॉरो’.

आपल्याकडची सगळ्यांत जास्त ऐकू येणारी चूक, ‘आय ॲम गो टु ऑफिस’, ती इथेच मरते. ही चूक येते कुठून? पहिल्या धड्यात ‘आय ॲम अ बॉय, आय ॲम अ गर्ल’ असं शंभर वेळा म्हटल्यामुळे ‘आय’ला ‘ॲम’ चिकटून बसतो. तुला वाटतं ‘मी’ म्हणजेच ‘आय ॲम’. म्हणून वाक्य लिहिण्याआधी एकदा मनात बोलीतून म्हणून बघ. ‘जाते’ की ‘जायले’? ‘जाते’ असेल तर ‘ॲम’ला तिथे काम नाही.

ही कसोटी काही क्रियापदांना लागत नाही, ते आत्ताच सांगून ठेवतो. माहीत असणं, हवं असणं, कळणं, आवडणं, जवळ असणं, या करायच्या गोष्टी नाहीत, त्या नुसत्या असतात. म्हणून ‘मला कळायलंय’ असं आपण म्हटलं तरी इंग्रजीत ‘आय अंडरस्टँड’, आणि ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ नाही, ‘आय हॅव टू ब्रदर्स’. नो, वॉन्ट, अंडरस्टँड, लाइक, हॅव, नीड एवढी सहा पाठ कर, तुझ्या कामापुरतं भागेल. हॅवबद्दल एक सोय लक्षात ठेव. मराठीत मला भाऊ आहेत, माझ्याकडे पैसे आहेत, माझ्याजवळ चावी आहे, मला ताप आहे, प्रत्येकाला वेगळं वळण. इंग्रजीत चारही ठिकाणी एकटा ‘हॅव’.

मग येतो तो एस. ‘शी गो’ नाही, ‘शी गोज’. याची फार धास्ती घेतलेली दिसते, कारण मॅनेजर तोच पकडतात. तू मराठीत जाते, जातेस, जातो, जातं, जातात, जाता, एवढी रूपं रोज बिनचूक वापरतेस, बोलणारी बाई की पुरुष हेसुद्धा क्रियापदात दाखवतेस. इंग्रजीला यातलं फारसं काही येत नाही. आय गो, यू गो, वी गो, दे गो, सगळं एकच. फक्त तो, ती, ते एकटे असले की एस. तरी तो सुटतो, आणि सुटणारच. १९७० च्या दशकात भाषाशास्त्रज्ञांनी वेगवेगळ्या भाषांतून इंग्रजीकडे आलेल्या शिकणाऱ्यांचा अभ्यास केला, तेव्हा हा एस सर्वांत उशिरा अंगवळणी पडणाऱ्या गोष्टींमध्ये सापडला. आयएनजी त्याच्या खूप आधी बसतं. म्हणून एस सुटला की तू ढ आहेस असं समजू नकोस. मेल लिहून झाला की फक्त एससाठी एकदा वरून खाली नजर फिरव, वेगळी. ‘वन बेल वेज १७० किलोज’, ‘द मिल वॉन्ट्स अ सॅम्पल’, ‘द ट्रान्सपोर्टर चार्जेस एक्स्ट्रा’. तुझ्या ऑफिसातली अशी वीस वाक्यं लिही. गाठ १७० किलोची असते हे तुला झोपेतून उठवलं तरी सांगता येतं. ‘वेज’ मधला एस त्याच्यासोबतच डोक्यात बसेल.

आता तपासणीतल्या त्या मुलाची चूक. तुझ्या मेलमध्येही ती आहे: ‘वी डिड नॉट रिसीव्हड पेमेंट’. मराठीत ‘आलं नाही’ म्हणताना ‘आलं’ हे मागच्या काळातच राहतं आणि पुढे ‘नाही’ लागतं. प्रश्नातही तेच: ‘आलं का?’ म्हणून आपला हात ‘डिड’ही लिहितो आणि ‘रिसीव्हड’ही. मोंढ्यात एका हमालाने पोतं पाठीवर घेतलं की दुसरा हात लावत नाही. डिडने मागच्या काळाचं पोतं उचललं, की क्रियापद मोकळं झालं. डिड नॉट रिसीव्ह. डिड यू रिसीव्ह? डझचंही तसंच, एसचं ओझं डझने घेतलं: ‘ही डझ नॉट पे’, ‘डझ ही पे?’ डझच्या पुढे ‘पे’ला एस नाही.

हे नुसतं कळून भागत नाही, तोंडात बसावं लागतं. त्यासाठी मी मुलांना वाक्य फिरवायला लावायचो, पुढे पुढे तेवढंच करायचो. एक वाक्य घे आणि चार वेळा फिरव:

द ट्रक लेफ्ट.
द ट्रक डिड नॉट लीव्ह.
डिड द ट्रक लीव्ह?
व्हेन डिड द ट्रक लीव्ह?

मोठ्याने, न थांबता, पाढ्यासारखं. आपल्या आजोबांनी पावकी-निमकी (पाव-अर्ध्याचे पाढे) म्हणून ठेवली होती म्हणून बाजारात त्यांना बोटं मोजावी लागत नव्हती. तोंडाला वळण पडलं की लिहिताना हात थांबत नाही. एका दिवशी पाच वाक्यं फिरव, पाच म्हणजे पाचच. चुलीपुढे, गॅसपुढे, बसच्या खिडकीशी, कुठेही चालतं.

आता तुझा मेल घेऊ. तू लिहिलंस:

‘रिस्पेक्टेड सर, यस्टर्डे वी हॅव सेंड ट्रक. ड्रायव्हर इज नॉट पिक फोन. वी डिड नॉट रिसीव्हड पेमेंट ऑफ लास्ट ट्रक. आय ॲम वेटिंग सिन्स टेन डेज. किंडली डू द नीडफुल.’

मी हा तीन वेळा वाचला. समोरच्याला सगळं कळतं: गाडी निघाली, ड्रायव्हर सापडत नाही, मागचे पैसे आले नाहीत, दहा दिवस झाले. म्हणजे मुद्दे बरोबर आहेत, क्रमही बरोबर आहे. हे ज्याला जमतं त्याचं निम्मं काम झालं. आणि एकही चूक अडाण्यासारखी नाही. प्रत्येक चुकीमागे मराठीचं एक शुद्ध वाक्य उभं आहे.

‘काल गाडी पाठवली आहे.’ मराठीत हे चालतं. इंग्रजीत यस्टर्डे आणि हॅव एका वाक्यात नांदत नाहीत. काल, परवा, सोमवारी, २०१९ मध्ये, असा ठरलेला वेळ आला की हॅव बाहेर: ‘वी सेंट द ट्रक यस्टर्डे.’

‘ड्रायव्हर फोन उचलीना झालाय.’ हे आत्ता चाललेलं आहे, म्हणून ‘द ड्रायव्हर इज नॉट आन्सरिंग हिज फोन.’ इज आला की पाठोपाठ आयएनजी, तुझं ते राहून गेलं.

‘पेमेंट अजून आलेलं नाही.’ तुझ्या मनात इथे ‘अजून’ आहे, बघ. लिहिताना तू तो गाळलास. जिथे ‘अजून नाही’, ‘आत्ताच’, ‘कधीतरी’ असं मनात असतं आणि तारीख नसते, तिथे हॅवची जागा: ‘वी हॅव नॉट रिसीव्हड द पेमेंट फॉर द लास्ट ट्रक.’ इथे रिसीव्हड बरोबर आहे, कारण डिड नाही.

‘दहा दिवसांपासून वाट पाहायले.’ इथे बोलीवर विसंबू नकोस. मराठी ‘पाहायले’ म्हणते, इंग्रजीला मात्र मागून सुरू होऊन आजपर्यंत चाललेली गोष्ट दाखवायला जास्त गडी लागतात: ‘आय हॅव बीन वेटिंग फॉर टेन डेज.’ आणि ‘पासून’ दिसलं की सिन्स लिहायची आपल्या सगळ्यांना सवय आहे. किती वेळ ते मोजलं असेल, दहा दिवस, दोन वर्षं, तर फॉर. कधीपासून ते सांगितलं असेल, सोमवार, दिवाळी, २०२२, तर सिन्स. या एका वाक्यावर एक अख्खा आठवडा घालव. ‘मी दोन वर्षांपासून इथे काम करते’ हे तर तुझ्या पत्रातलंच वाक्य आहे: ‘आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर टू इयर्स.’

‘डू द नीडफुल’ आपल्या कचेऱ्यांमध्ये फार वर्षांपासून चालत आलंय, त्यात व्याकरणाची चूक नाही. पण त्यातून समोरच्याला काय करायचं ते कळत नाही. ‘प्लीज सेंड द पेमेंट बाय फ्रायडे’ लिही. पैसे मागताना वार सांगावा, हा इंग्रजीचा नियम नाही, व्यवहाराचा आहे.

आता सरावाचं. रात्री दोन तास बसू नकोस. दिवसभर आकडे लिहून, घरचं करून दहा वाजता बसलेल्या माणसाच्या डोक्यात काही शिरत नाही, आणि आठ दिवसांत सुटतं ते तुझ्या आळसाने नाही. हर्मान एबिंगहाउस नावाच्या जर्मन अभ्यासकाने १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं की पाठ केलेलं पहिल्या दिवसातच झपाट्याने विसरतं, आणि थोड्या थोड्या अंतराने पुन्हा पाहिलं तर टिकतं. म्हणून सकाळची वीस मिनिटं काढ. शंभर पानी वही घे. डाव्या पानावर आदल्या दिवसाची आठ वाक्यं लिही, तुझ्याच दिवसाची: काय केलं, कोण आलं, काय राहिलं. आधी बोलीतून मनात म्हण, मग इंग्रजीत लिही. उजवं पान कोरं ठेव. दुसऱ्या दिवशी सकाळी ताज्या डोळ्यांनी तीच वाक्यं वाच आणि उजव्या पानावर दुरुस्त कर. रात्रभर मुरलेली चूक सकाळी स्वतःच दिसते, निदान निम्मी तरी. तीन दिवसांनी पुन्हा एकदा ते पान उघड, आठवड्याने पुन्हा एकदा.

पहिले दोन आठवडे फक्त करते-करायले. तिसऱ्यात डू-डझ-डिड आणि वाक्य फिरवणं. चौथ्यात मागच्या काळाची क्रियापदं. ईडी लावून भागत नाही अशी जी आहेत, त्यांचीच नेमकी रोज गरज पडते, कारण सगळ्यांत जास्त वापरातली क्रियापदंच वेडीवाकडी असतात. पण तुला पुस्तकाच्या मागची दोनशेची यादी नको. जिनिंगच्या ऑफिसात लागतात ती बघ: सेंड-सेंट, गेट-गॉट, कम-केम, गो-वेन्ट, टेक-टुक, गिव्ह-गेव्ह, बाय-बॉट, सेल-सोल्ड, टेल-टोल्ड, राइट-रोट, लीव्ह-लेफ्ट, लूज-लॉस्ट. बारा झाली. एवढ्यांत तुझे बहुतेक मेल लिहून होतात. हॅव आणि सिन्स-फॉर त्यानंतर. आठवडा संपला तरी चुका तेवढ्याच राहिल्या तर पुढे जाऊ नकोस, तोच नियम अजून आठ दिवस चालू दे.

एका गोष्टीवर मी ठाम आहे: रिकाम्या जागा भरण्याचे सराव नुसते सोडवू नकोस. त्यात वाक्य दुसऱ्याचं असतं, तुला फक्त भोक बुजवायचं असतं. दहा भोकं बरोबर बुजवली तरी अकरावं वाक्य मनाने लिहिता येत नाही. तुझ्या तिन्ही पुस्तकांत तेच असेल. ती फेकू नकोस, पण रिकामी जागा भरल्यावर त्याच साच्यात तुझ्या कामाचं एक वाक्य खाली लिही. मग त्या पुस्तकाचे पैसे वसूल.

वाचायला काय घेऊ, असं तू विचारलं नाहीस, तरी सांगतो. बालभारतीची सहावी-सातवीची इंग्रजीची पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. लाजू नकोस, धडा मोठ्याने वाच. बीबीसी आणि ब्रिटिश काउन्सिल यांचे शिकवण्याचे पाठ मोबाइलवर फुकट आहेत, उच्चार ऐकायला ते चांगले. मोबाइलवर बोलून टाइप करायची सोय असते तिथे इंग्रजी निवड, तुझं वाक्य बोल आणि तो काय लिहितो ते बघ. ‘गोज’ म्हणालीस आणि त्याने ‘गो’ लिहिलं तर बहुतेक एस तोंडातच राहिला. भाषांतर करणारं ॲप मात्र आधी उघडू नकोस. आधी स्वतःचं वाक्य, मग ॲप, मग दोन्ही शेजारी ठेवून फरक कुठे पडला ते बघ. तो फरक हाच त्या दिवसाचा धडा.

ए, ॲन, द बद्दल तू पत्राच्या कोपऱ्यात विचारलंयस. मराठीत हे नाहीच, म्हणून ते सर्वांत शेवटी येणार. तूर्त एवढं पुरे: मनात ‘एक, कुठलातरी’ असेल तर ‘अ’, ‘तो, आपला ठरलेला’ असेल तर ‘द’. ‘अ ट्रक केम’ म्हणजे कुठलातरी ट्रक आला. ‘द ट्रक केम’ म्हणजे ज्याची वाट पाहत होतो तो आला. आणि ॲन लागतो तो कानाने. ‘ॲन आवर’ म्हणतात कारण तिथे ह ऐकू येत नाही, ‘अ युनिव्हर्सिटी’ म्हणतात कारण तिथे य ऐकू येतो. यापलीकडचं वर्षभर बघू नकोस. द सुटला म्हणून कुणाचं पेमेंट अडलेलं मी पाहिलं नाही.

राहिले मॅनेजर. सगळ्यांसमोर चूक वाचून दाखवणं बरोबर नाही. माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षी वरच्या एका साहेबांनी माझ्या इंग्रजी अहवालावर स्टाफरूममध्ये असंच केलं होतं, मी सहा महिने मराठीतच अहवाल दिले. तू गप्प बसू नकोस. एकटे असताना शांतपणे सांग: ‘सर, चुका मला लेखी द्या, मी वहीत उतरवून घेते.’ वही दाखव. बहुतेक माणसं वही पाहिली की सूर बदलतात. नाहीच बदलले तर त्यांनी खुणावलेली चूक फक्त घे आणि उजव्या पानावर लिही, बाकीचं ऐकू नकोस.

पहिला महिना झाला की वहीतली शेवटची चार पानं मला पाठव, फोटो चालतील. खाडाखोड आहे तशी ठेव, स्वच्छ प्रत करू नकोस. मला डावं पानही बघायचंय.